एका जागेला दोघी

बोरगाव,
२ डिसेंबर २०२४

सुवे,

जयभीम गं बाई. आधी बातमी वाच, मग चष्मा पूस. आम्ही बेळगावला चाललोय! तीन दिवस, दोन मुक्काम, लॉजवर. आमचे हे स्वतः म्हणाले. येत्या बारा तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात, हे त्यांच्या ध्यानात होतं, हेच मला खरं वाटेना. मी म्हटलं, "अहो, ताप-बिप आलाय का?" तर म्हणाले, "संसार जिथं मांडला तिथं जाऊन येऊ." आदर्शनं पुण्यात बसून मोबाईलवर खोली बुक केली. पोरगं आईबापाला फिरायला पाठवतंय, काय दिवस आलेत!

आपल्या कर्नाटकात बस बायकांना फुकट, म्हणजे माझं तिकीट शून्याचं आणि यांचं पुरं. मी म्हटलं, आता कळू दे तुम्हाला बाईमाणसाची किंमत. हसले, पण तोंड वाकडं करून.

खडेबाजाराच्या मागची आपली ती खोली बघायची आहे. आपली म्हणते मी, कारण तू खानापूरहून आलीस की तिथंच पडलेली असायचीस. टी.सी.एच.चा मास्तरकीचा कोर्स झाल्यावर नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास आपण त्याच खोलीत केला, स्टोव्हवर चहा उतू घालवत. तू यादीत आलीस, मी नाही. जाऊ दे, आपल्यातली एक तरी मास्तरीण झाली, आणि आता मुख्याध्यापिका! मी आपली ओसरीवर पंधरा पोरांची शिकवणी घेते. पोरं मलाही बाईच म्हणतात, तेवढ्यात मी खूश.

तर मुद्दा असा, की तू बाराला बेळगावला यायचं. तिघं जेवू, कुंदा खाऊ. तुझ्या त्या जंगलातल्या गावात फोनला रेंज नाही म्हणून पत्र टाकते. आणि खरं सांगू, फोनवर मला तुझ्याशी बोलता येत नाही. पत्रात कसं, तू मधेच "बरं ठेवते" म्हणत नाहीस.

येच.
तुझी पारू

*

खानापूर तालुका,
७ डिसेंबर २०२४

प्रिय पारू,

तुझं पत्र शाळेत सगळ्यांसमोर फोडलं आणि एकटीच हसत बसले. पंचवीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. तुम्हा दोघांना जयभीम आणि मनापासून शुभेच्छा.

पण मला येता यायचं नाही गं. त्याच आठवड्यात शाळेची तपासणी आहे. साहेब येणार, दप्तर पुरं करायचंय, पोषण आहाराचे तांदूळ मोजून ठेवायचेत. मुख्याध्यापिका म्हणजे नुसती हमाली.

एक सुचवू का? बेळगावात आता काय राहिलंय? सगळी गर्दी आणि धूळ. ती खोलीसुद्धा पाडली असेल. त्यापेक्षा आंबोलीला जा, नाहीतर सरळ गोव्याला. समुद्र बघ. तू समुद्र कुठं बघितलास? दाजींना म्हणावं, सुविधानं सांगितलंय. जुन्या जागी गेलं की माणूस उगीच शिळ्या कढीला ऊत आणत बसतो.

थंडी आहे, स्वेटर घे. सासूबाईंच्या फोटोला माझाही नमस्कार सांग.

तुझी,
सुविधा

*

बोरगाव,
१७ डिसेंबर २०२४

सुवे,

तू म्हणालीस तसं गोव्याला गेले असते तर बरं झालं असतं. नाही, खोटं लिहिते. बरं झालं नसतं. बेळगावलाच गेले ते बरं झालं.

पहिला दिवस गोड गेला. किल्ला बघितला, कॅम्पात भटकलो, ह्यांनी माझा हातसुद्धा धरला, रस्ता ओलांडताना का होईना. आपली खोली आहे अजून. तिथं मोबाईलच्या कव्हरांचं गोदाम झालंय. मी दारातनं बघितलं आणि रडले. तेव्हा वाटलं, सुखानं रडतेय.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बारालाच, हे म्हणाले, तुला साडी घेतो. खडेबाजारात एका दुकानात गेलो. गादीवर एक म्हातारा साड्यांच्या घड्या घालत होता. बिलावर नाव काय घालायचं विचारलं तर ह्यांनी रुबाबात सांगितलं, "पारमिता यशपाल मधाळे." आणि त्या म्हाताऱ्याचे हात थांबले.

"पारमिता मधाळे? बाई, दोन हजार एक साली तुमी बेळगावातच ऱ्हात हुता काय?"

मी म्हटलं, "व्हय. का हो आप्पा?"

"आवो, मी सत्याप्पा. शिक्षण खात्याच्या हपिसात शिपाई हुतो. मास्तरांच्या नेमणुकीच्या दिवशी मीच नावं पुकारायचो. तुमचं नाव मी तीनदा पुकारलं! माझ्या उभ्या नोकरीत पुकारलं आणि कुणी आलंच न्हाय असं तेवढं एकच नाव. सरकारी नोकरी दारात आलीया आणि बाईचा पत्त्या न्हाय! म्हणून ध्यानात ऱ्हायलं बगा."

मी हसले. म्हटलं, "आप्पा, काहीतरी घोटाळा होतोय. माझं नाव यादीत नव्हतं."

"न्हाय कसं? एका जागंला दोघी बोलावलेल्या. पयली तुमी. तुमी आला न्हाय म्हणून दुसरीला दिली. मी परत इचारलं, ह्या बाईस्नी कोण वळकतं का? तर एक बाई उठून बोलली, ती यायची न्हाय म्हणून. मग सायबांनी नावावर रेघ मारली."

मी ह्यांच्याकडं बघितलं. सुवे, पंचवीस वर्षं मी त्या तोंडाकडं बघत आलेय. त्याला ताप आला तर मला कपाळाला हात न लावता कळतं. मला काय विचारायची गरजच पडली नाही. हे साडीचा काठ बोटानं चाचपत होते आणि म्हणाले, "चल, उशीर होतोय."

कसला उशीर? लॉजवर जाऊन झोपायला?

तुला आठवतं ना, पत्र आलं ते? लांब पाकीट, आत सगळं कानडी. मला कानडी बोलता येतं, पण मी गडहिंग्लजला मामाकडं शिकलेली, सरकारी कागदाची कानडी मला कुठली वाचायला येते? हे हापिसात कारकून, दिवसभर तेच वाचणार. मी पाकीट फोडून ह्यांच्या हातात दिलं, पाणी भरायची कळशी तशीच काखेत होती. ह्यांनी वाचलं, सावकाश, एकेक ओळ. मग म्हणाले, "नाव न्हाय लागलं तुझं. पुढच्या वेळी प्रयत्न करा म्हणत्यात." आणि मला जवळ घेतलं. जवळ घेतलं, सुवे!

लॉजवर आल्यावर मी एकच विचारलं, का? आधी म्हणाले, त्या म्हाताऱ्याला भ्रम झालाय. मग म्हणाले, आई आजारी होती, बोरगावला तिला बघणारं कोण होतं? मग म्हणाले, माझी बदली निपाणीला होणार होती, तू तिकडं खानापूरच्या रानात खोली करून राहिली असतीस, मी काय इकडं भाकऱ्या थापत बसलो असतो? शेवटी म्हणाले, "मी कधी हात उगारला का तुझ्यावर? दारू पितो का?" म्हणजे ह्या दोन गोष्टी केल्या नाहीत म्हणून बाकी सगळं माफ.

आणि त्यांची आई! तानीबाईंनी तंबाखूच्या वखारीत उमर घातली, खोकून खोकून गेल्या. त्या मला म्हणायच्या, "पोरी, नोकरी लागली तर खुशाल जा, माझं मी रांधून खाईन." त्या माउलीच्या नावावर ह्यांनी हे केलं.

दर चौदा एप्रिलला हा माणूस समाजमंदिरात माईक धरून सांगतो, पोरींना शिकवा, पोरींना नोकऱ्या करू द्या. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. बावीस-तेवीस वर्षं टाळ्या वाजवल्या मी.

आता तुला विचारते, कारण त्या दिवशी तू तिथं होतीस. आदल्या दिवशी तू आमच्याकडं आलीस, सकाळी मी तुला माझी जांभळी साडी नेसायला दिली, भाकरी-झुणका बांधून दिला. ह्यांनीच तुला स्कूटरवरून सोडलं. तू नंतर सांगितलंस की ढीगभर बायका होत्या, जागाही भरपूर होत्या. तर मला एवढंच आठवून सांग, माझं नाव पुकारलेलं तू ऐकलंस का? का तेव्हा तू बाहेर होतीस? आणि ती उठून बोलणारी बाई कोण होती? मला ती ओळखतच कशी होती? माझ्या जागेवर जी लागली त्या बिचारीवर माझा राग नाही, तिला काय माहीत. पण जी बोलली, ती मला हवी आहे.

लगेच लिही. मला तुझ्याशिवाय कोण आहे?

पारू

*

खानापूर तालुका,
२६ डिसेंबर २०२४

प्रिय पारू,

तुझं पत्र मिळालं. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसत होते.

दाजींनी चूक केली. चूक म्हणजे मोठीच चूक. पण पारू, आता लग्नाची पंचविशी उलटून गेली. पोरगा हाताशी आला. त्या माणसानं तुला घर बांधून दिलं, तुझ्या दुखण्यात रात्रंदिवस उशाशी बसला, हे तूच मला लिहिलंयस. पुरुषाच्या जातीला बायको चार पैसे मिळवती झाली की भीती वाटते. शिकलेला असला तरी वाटते. तेव्हा आणखीच वाटायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून तुझ्या हाती काय येणार?

त्या दिवसाचं म्हणशील तर मला नीट आठवत नाही गं. लई गर्दी होती, पाऊस पडत होता, मी माझ्या कागदांच्या काळजीत होते. कुणाची नावं पुकारली, कोण उठलं, कोण बसलं, माझं लक्ष नव्हतं. आणि सत्याप्पा म्हातारा झालाय, त्याच्या बोलण्यावर किती विसंबायचं?

आणि समज, कुणी उठून बोललं असेल, तर तिला तरी काय दोष द्यायचा? माणूस कोणत्या परिस्थितीत काय बोलून जातो. त्या दुसरीच्या घरी बाप पाय मोडून खाटेवर पडलेला, पाठची दोन भावंडं शाळेची, आई दुसऱ्याच्या शेतात भात लावतेय. तिनं काय करावं? तूच म्हणतेस ना, तिच्यावर राग नाही. तोच मनाचा मोठेपणा ठेव. तू पहिल्यापासून मोठ्या मनाची.

मे महिन्यात मी बोरगावला येते. आठ दिवस राहते. पोटभर बोलू.

तुझीच,
सुविधा

*

बोरगाव,
२ जानेवारी २०२५

सुविधा,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रडत, दुसऱ्यांदा चहा पिता पिता, तिसऱ्यांदा पोरांची उत्तरपत्रिका तपासतात तसं.

माझ्या जागेवर लागलेल्या बाईचा बाप पाय मोडून पडलाय, असं मी लिहिलं नव्हतं. सत्याप्पांनीही सांगितलं नव्हतं. पाठची दोन भावंडं, भात लावणारी आई, हे तुला कुठनं कळलं? लाकडाच्या डेपोत पायावर ओंडका पडून खाटेला खिळलेला एकच बाप मला माहीत आहे. त्याला बघायला मी खानापूरला आलते, मोसंबी घेऊन. तो मला "पोरी" म्हणायचा.

उठून बोलणारी बाई आणि दुसरी बाई, ह्या दोघी तू एकाच दमात एक करून टाकल्यास.

तुला कुणाची नावं पुकारली आठवत नाही म्हणतेस. मी तुझ्या साखरपुड्याला कुठल्या बांगड्या घातल्या होत्या ते तू मागच्या वर्षी लिहिलंस. हिरव्या, त्यातली एक पिचलेली.

मला भाषण नको. मोठं मन नको. व्हय का न्हाय, एवढंच लिही.

पारमिता

*

खानापूर तालुका,
१३ जानेवारी २०२५

पारू,

व्हय.

मीच बोलले.

आता सगळं लिहिते, काही ठेवत नाही. दाजींनी मला स्कूटरवर घेतलं. वाटेत चहाच्या गाड्यावर थांबवलं आणि सांगितलं की पारमितालाही आजचंच बोलावणं आलंय, त्याच जागेला, ती पहिली आणि तू दुसरी. मी म्हटलं, मग ती कुठाय? तर म्हणाले, "तिलाच नको हाय नोकरी. आईपाशी ऱ्हायचं म्हणतीया. पन तुला सांगायला लाजती. तू तिच्याजवळ हा विषय काढू नगंस."

मला विश्वास ठेवायला आवडलं असतं. आदल्या संध्याकाळी तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली होतीस की माझं नाव का लागलं नाही. मला पक्कं ठाऊक होतं की हा माणूस खोटं बोलतोय. तिथनं तुझी खोली दहा मिनिटांवर होती. मी परत फिरले असते तर तू कळशी टाकून पळत आली असतीस. वेळ होता गं. दीड तास होता.

मी चहा संपवला आणि स्कूटरवर बसले.

तुझं नाव पहिल्यांदा पुकारलं तेव्हा मी खाली बघत होते. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा वाटलं, तू आता दारातून येशील आणि सगळं सुटेल. तिसऱ्यांदा पुकारून तो शिपाई विचारायला लागला, कोण ओळखतं का हिला, साहेब म्हणाले दुपारपर्यंत वाट बघू. दुपारपर्यंत म्हटल्यावर मी घाबरले. तुला कुणीतरी सांगेल, तू येशील, आणि मी हात हलवत घरी जाईन, माझ्या आप्पाच्या खाटेपाशी. मी उठले. तुझ्या साडीत उठले. "ती येणार न्हाय, मी तिची मैत्रीण हाय," म्हणाले. मैत्रीण म्हटलं म्हणून त्यांनी खरं मानलं.

दाजींनी फसवलं खरं, पण त्यांच्या हातनं अर्धंच झालं होतं. उरलेलं मी पुरं केलं.

त्या पगारावर आप्पाचं ऑपरेशन झालं. दोघं भाऊ शिकले, एक बेळगावला इंजिनिअर आहे. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. नाही, सबब म्हणूनच लिहितेय. पारू, तुझ्याशी नातं तुटू नये म्हणून मी तेवीस वर्षं तुला पत्रं लिहीत राहिले. तुझ्यावर माझं प्रेम आहे, ते खोटं नाही. तू म्हणशील ते करते. तुझ्या दारात येऊन पाय धरते. माझ्या पेन्शनीतला, पगारातला वाटा माग. शिव्या दे. फक्त बोलणं टाकू नकोस.

सुविधा

*

बोरगाव,
२४ जानेवारी २०२५

सुविधा,

पत्र पोचलं. निदान एकदा तरी खरं लिहिलंस.

पाय धरायला येऊ नकोस, ओसरीवर पोरं असतात. पगाराचा वाटाही नको. तू नोकरी चांगली केलीस, हे मला ठाऊक आहे. त्या रानातली पोरं शिकवून तू शहाणी केलीस, ती तुझी कमाई आहे, माझी नाही.

ह्यांचं सांगते. घरात आहेत. स्वतःचा चहा स्वतः करतात, माझ्यापुढंही कप आणून ठेवतात. परवा म्हणाले, "किती दिवस असं अबोल्यानं ऱ्हायाचं?" मी म्हटलं, "तेवीस वर्षं तरी." आदर्शला मी सगळं सांगितलं. आपली आई नापास झाली होती असं तो लहानपणापासून ऐकत आला होता, मीच सांगायची हसत हसत. फोनवर त्यानं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "आई, तू पहिली होतीस?" मी म्हटलं, व्हय रं, मी पहिली होते. एवढं म्हणायला मला फार बरं वाटलं.

ह्यांच्यावरचा माझा राग मला समजतो. नवरा स्वार्थी असतो हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच बघितलं होतं, त्याची मला ओळख होती. आज नाही तर उद्या त्या रागाचं काय करायचं ते मी ठरवीन. राहीन किंवा आदर्शकडं जाईन, ते माझं मी बघीन.

तुझं कळत नाही.

तू उठून बोललीस, तेही मी समजून घेतलं असतं. खरंच सांगते. तुझ्या आप्पांची खाट मी डोळ्यांनी बघितली होती. त्या दिवशी संध्याकाळी परत येऊन म्हणाली असतीस, पारू, मी तुझी नोकरी घेतली, तर मी तुला दोन मुस्काटात दिल्या असत्या आणि मग दोघी रडलो असतो. आमच्या गावातल्या अर्ध्या भांडणांचा शेवट असाच होतो.

पण मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. आठ दिवस तेच करतेय. २००२ साली तू लिहिलंस, "पारू, चार मार्कांनी गेलं गं तुझं, वाईट वाटून घेऊ नकोस." चार मार्क! सुविधा, ते चार मार्क तू कुठनं आणलेस? ते तर ह्यांनीही सांगितले नव्हते. त्या चार मार्कांसाठी मी किती वर्षं भाकरी थापता थापता तो गणिताचा पेपर परत परत सोडवला असेल, तुला ठाऊक नाही. २००५ साली परत जागा निघाल्या, तेव्हा मी विचारलं होतं, बसू का पुन्हा? तू लिहिलंस, "आता संसारात पडलीस, डोक्याला ताप नको करून घेऊस, नशिबात नव्हतं म्हण." तेव्हा मी बसले असते तर लागले असते, सुविधा. मी पहिली आले होते. तू ते जाणत होतीस. मी मागचं उकरीन अशी भीती वाटून तू मला घरात बसवलंस. सासूबाई गेल्या तेव्हा लिहिलंस, "बघ, तू नोकरीत असतीस तर त्यांची सेवा हातनं झाली असती का?" आणि मी ते वाचून मनात म्हणायचे, माझी सुवी किती चांगलं समजावते.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ह्यांनी माझी नोकरी एकदा चोरली. तू तेवीस वर्षं माझं सांत्वन केलंस. चोरी मी एखादे दिवशी विसरेन. सांत्वन विसरता यायचं नाही.

पिशवीत घालून तुझी सगळी पत्रं परत पाठवतेय. उद्या इथला एक ओळखीचा मास्तर खानापूरला जातोय, तो आणून देईल. मी एकही फाडलं नाही. जिथं जिथं तू मला समजावलंस तिथं पेन्सिलीनं खूण केली आहे, तेवढ्या जागा तू वाच.

प्रेम खोटं नव्हतं म्हणतेस. नसेलही. मला आता ते ओळखता येत नाही, हे तुम्ही दोघांनी मिळून माझं केलंत.

लिहू नकोस असं मी म्हणणार नाही. तुझं पत्र आलं तर मी फोडीन, वाचीनही, इतक्या वर्षांची सवय आहे. पण त्यातलं काहीही खरं मानणार नाही. तू बरी आहेस असं लिहिलंस, तरी नाही.

पारमिता